दोन बोटं माया

६ मे, मंगळवार

पहिली केमो झाली.

नर्स शीर शोधत होती तर मास्तर तिला म्हणतात, "ताई, सुई अशी उभी नका धरू. जरा तिरकी धरा." ती म्हणाली, "काका, माझं रोजचंच काम आहे हे." "माझंही," मास्तर म्हणाले. तिने मग कशी धरली ते मी बघितलं नाही, मी खिडकीकडे तोंड केलं होतं. एकदा शीर हुकली, दुसऱ्यांदा मिळाली. मास्तर पैज जिंकल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

औषध चढेपर्यंत हातांत बर्फाचे मोजे घालायला देतात. बोटं आणि नखं त्याने वाचतात म्हणे. नर्सची पाठ वळली की मास्तरांनी एक काढला. का, तर शेजारच्या पडद्याची तुरपाई बघायची होती! पडद्याची कड उलटी करून मला हळूच, "कुणी केलंय गं हे? एका धुण्यात सुटेल." मी म्हटलं, मोजा घाला. "हात सुन्न पडतात त्याने." घातला, पुन्हा काढला. लहान पोर परवडलं.

नुसतं बसवत नाही तिथे, म्हणून हे लिहायला घेतलं. शाळेत असताना लिहायची. मग लग्न झालं, आणि काज-बटणं आली. मास्तर कापतात, मी काज, बटणं, तुरपाई आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते म्हणून मीही म्हणते. सुरुवातीला 'अहो' म्हणून पाहिलं होतं, पण मशीनच्या आवाजात ते ऐकू जायचं नाही. ऐकू जायचं नाही असं ते म्हणायचे.

एकूण सहा घ्यायच्यात. दर तीन आठवड्यांनी एक.

७ मे

उजाडायच्या आधीपासून मास्तर पुढे दुकानात. औषध सोसावं म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी माणूस तरतरीत होतो, नर्सने सांगितलं होतं. पण तिने मास्तरांना पाहिलेलं नाही. बटणांचे सगळे डबे पालथे करून रंगांप्रमाणे लावले. रिळं लावली. माझ्या मशीनला तेल घातलं, इतकं की पहिल्या दोन काजांना डाग पडले. आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत.

येईल त्या गिऱ्हाइकाला मार्जिनची गोष्ट. मी इतक्यांदा ऐकली आहे, आता लिहूनच टाकते.

गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. प्रोस्टेट काढलं. नंतर डॉक्टर रिपोर्ट वाचून म्हणाले, "मार्जिन पॉझिटिव्ह आलंय." आता, जरा शिकलेली गिऱ्हाइकं मायेला मार्जिनच म्हणतात. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ती माया. पुढेमागे कपडा सैल करायचा तर ती असावी लागते, नसली तर संपलं. मास्तरांना वाटलं, डॉक्टरांनी आत भरपूर माया ठेवलीय आणि ती पॉझिटिव्ह आहे म्हणजे उत्तमच. उठून डॉक्टरांचा हात हातात घेतला. "कारागीर आहात. हल्ली कोण ठेवतं?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी पण हसून मान डोलावली. मलाही तेच वाटलं होतं ना! घरी येताना शेजारच्या चावीवाल्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. लेक परगावी, तिला रिपोर्टचा फोटो पाठवला. तिचा फोन आला, आधी जेवलात का विचारलं. मग म्हणाली, "आई, मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे कापलं त्या कडेपर्यंत रोग पोचला होता."

मास्तर आता ही गोष्ट सांगतात तेव्हा गिऱ्हाईक पोट धरून हसतं. पण लेकीच्या फोनपाशी ती थांबवतात. पुढचं, हाडांत ठिपके दिसले वगैरे, कुणालाच सांगत नाहीत.

१० मे

गोळ्या उतरल्या. मास्तर मागच्या खोलीत आडवे. दुकानात एकटं मशीन वाजतंय. इतकी वर्षं मीच म्हणत होते की जरा गप्प बसा. बसले. मला अजिबात आवडलं नाही.

१५ मे

तोंडाला चव नाही. चहा घेतला आणि ठेवला. "टाचण्या तोंडात धरल्यासारखं लागतंय सगळं." मी म्हटलं, जन्मभर माप घेताना ओठांत टाचण्याच धरल्यात, आत्ता कुठे चव कळली. हसले. मग अर्धं केळं खाल्लं, माझ्या समाधानासाठी. बाकीचं अर्धं मी बघत नाही असं पाहून मशीनच्या खणात ठेवलं. मला संध्याकाळी सापडलं, बॉबिनच्या शेजारी.

१९ मे

आज मात्र मजा आली.

केमोच्या बरोबर एक दुसरं इंजेक्शन चालू आहे, पुरुषाच्या अंगातलं पुरुषपण निजवायचं. त्याने अंगातून एकदम वाफा निघतात. मास्तर टेबलापाशी उभे होते, एकाएकी लालबुंद झाले, कपाळावर घाम, सदऱ्याची बटणं सोडली आणि पंखा पुरा फिरवला. टेबलावरचे सगळे कागदी फरमे उडाले. बाह्या एकीकडे, कॉलर दाराबाहेर. एक पाठ चावीवाल्याच्या दुकानात गेली, तो घेऊन आला.

मी मशीन थांबवलं. नुसती बघत राहिले.

"बोल," म्हणाले. "बोलून घे."

मग काय, बोलले! माझी पाळी जाताना मला हे व्हायचं तेव्हा काय म्हणायचात? पंखा बंद कर, कापड उडतं. थंडीत कसला गं घाम? मनाचे खेळ आहेत. एकेक करून सगळं परत दिलं. ते फरमे गोळा करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "किती दिवस चालतं हे?" मी म्हटलं, माझं काही वर्षं चाललं. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुपारी दोघं पंख्याखाली खुर्च्या टाकून बसलो. मला आता काही होत नाही, पण सोबत म्हणून बसले.

२३ मे

केस जाणार हे माहीत होतं. मिशीचं कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या बाजूची आधी गेली. मी म्हटलं, इथला टाका सुटलाय. आरशात बघून आले आणि सगळीच उतरवली.

मिशीशिवाय मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं. अगदी वन्संसारखे दिसतात. तोच ओठ, तीच नाराजी. सांगितलं नाही अजून. योग्य वेळी सांगेन.

२७ मे

दुसरी झाली. पुन्हा मोज्यांवरून भांडण. या खेपेला मी त्यांचा डावा हात मोज्यासकट धरून बसले. उजवा त्यांनी कधी काढला कळलं नाही. चादरीची कड तपासत होते.

नर्सला आता आमचं दुकान माहीत आहे. तिच्या युनिफॉर्मची बाही काखेत काचते. मास्तरांनी सलाइन लावलेल्या अवस्थेत तिला हात वर करायला लावला आणि सांगितलं, घेऊन या, सोडून देतो.

१ जून

वन्सं आल्या. भावाशेजारी खुर्चीवर बसल्या आणि मी चहा आणायच्या निमित्ताने आत पळाले. एकच तोंड दोनदा! वन्सं आजाराचं नाव घेत नाहीत. "त्याचं ते खालचं" म्हणतात. त्यांच्या मते हे सगळं उभ्याने कापड कापल्यामुळे झालं. त्याआधीच्या खेपेला बसून शिवल्यामुळे झालं होतं. मनाने खंबीर राहा, असं मास्तरांना सांगितलं आणि स्वतःच रडायला लागल्या. मग मास्तरांनी त्यांना खंबीर केलं.

चावीवाल्याचं आणखी वेगळं. त्याला प्रोस्टेट म्हणजे पोस्ट वाटलं. सगळ्या गल्लीला सांगितलं, मास्तरांचं पोस्टाचं काहीतरी आहे. आज दूधवाली विचारत होती, आलं का हो पार्सल?

५ जून

गणवेशांचा ढीग. शाळा उघडायच्या आत सगळ्यांना हवेत. मास्तर थोडं कापतात, थोडं बसतात.

एक बाई गेल्या वर्षीची पँट घेऊन आल्या. मुलगा भराभर वाढला, नवीनच शिवावी लागणार ना? मास्तरांनी पँट उलटी केली आणि त्यांच्या पुढे धरली. तळाला चार बोटं माया दुमडलेली, कमरेला मागे तेवढीच. आणखी एक वर्ष निघेल. मोठ्या माणसाला मास्तर दोन बोटं माया सोडतात, शाळेच्या मुलांना चार. टेपने मोजत नाहीत. बोटं कापडावर आडवी टेकवायची आणि पलीकडे खडू ओढायचा. बाई इतक्या खूश झाल्या. मास्तरही. नवीन कपड्याचं काम गेलं तरी हा माणूस दिवसभर गुणगुणत होता.

१७ जून

तिसरी. रक्तातला रोगाचा आकडा बराच खाली आलाय. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, सहाही पूर्ण करा. मी बाहेर येऊन लेकीला फोन केला आणि रडले. मास्तर म्हणाले, चांगल्या बातमीला रडतेस, वाईटाला काय करशील. नर्सची बाही सैल करून दिली. तिने लगेच हात वर करून दाखवला.

२४ जून

दुकानात माप घ्यायला वाकले आणि मास्तरांची पँट निघाली! गिऱ्हाईक बिचारं भिंतीकडे बघायला लागलं. मास्तर एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने टेप धरून म्हणतात, "छाती अडतीस." मी पडद्यामागे जाऊन इतकी हसले की पोटात दुखलं.

मग त्यांची पँट घेऊन बसले. मागची शिवण उसवून आत घेतली. कमरेत किती गेलेत ते कापडाने सांगितलं. हसू गेलं माझं.

आत जादा कापड राहिलं ते दुमडत होते तर मास्तर म्हणाले, "कापून टाक ते. बसताना गोळा होतो." मी म्हटलं, राहू दे, पुन्हा अंग भरलं की सोडावी लागेल. "बघू," म्हणाले. बघू म्हणजे मास्तरांच्या भाषेत नाही. मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तुरपाई घातली.

३० जून

काहीतरी आहे.

सुईत दोरा मला ओवायला लावतात. डोळे, म्हणे. चष्मा नवा आहे. परवा कप हातातून पडला, ओला होता म्हणाले. कोरडा होता, मीच पुसून ठेवला होता. आणि काल एका सदऱ्याला बटण लावलं ते चांगलंच लावलं, पण कॉलरला रक्ताचा थेंब. टोचलं का विचारलं तर बोटाकडे बघून म्हणाले, "हो की."

टोचल्यावर बोटाकडे बघून कोण ठरवतं?

८ जुलै

चौथी. मास्तर दोन्ही हातांत मोजे घालून गप्प बसून होते. एकदाही काढले नाहीत. मी चिडवलं, आज पडदा आवडला वाटतं. हसले नाहीत. डॉक्टर घाईत होते. काही त्रास? चालताना वगैरे? नाही, म्हणाले.

१४ जुलै

पँट पुन्हा सैल झाली. शिवण आणखी आत घेतली. मागे आत मूठभर कापड झालं. ते दुमडते आहे तोवर मास्तर समोर येऊन उभे.

"काप ते."

"लागेल."

"कुणाला लागेल?"

"तुम्हाला. अंग भरल्यावर."

"माया वाढणाऱ्याला ठेवतात. मी काय पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जाणार आहे?"

मी हसले. थट्टा करतायत असं वाटलं. ते हसत नव्हते. माझ्या हातून पँट ओढून घेतली, टेबलावर टाकली आणि मोठी कात्री उचलली.

मास्तरांची कात्री चुकलेली मी पाहिलेली नाही. रेघ नसली तरी सरळ जाते. आज रेघ होती. कात्री रेघेच्या बाहेर गेली, मग आत आली, मग थेट शिवणीवर चढली. माझे टाके कचाकच कापले गेले आणि मास्तर कापतच राहिले. डोळे भरले होते त्यांचे, म्हणून दिसलं नसेल, असं मी आधी धरलं. पण कापड आणि शिवण कात्रीखाली वेगळी लागते. आंधळ्यालाही कळेल. मास्तरांच्या बोटांना कळलं नाही.

मी त्यांचा हात धरला. कात्री काढून घेतली. टाचण्या खोचायच्या गादीतली एक टाचणी घेऊन त्यांच्या बोटाच्या टोकाला हलकेच टोचली.

"कळतंय?"

"काय?" म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

दुसरं बोट. तिसरं. मग टाचणी परत खोचून ठेवली.

"केव्हापासून?"

"दुसरीनंतर."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मला या टेबलापाशी फिरकू दिलं नसतंस."

खरं आहे. नसतं दिलं.

१५ जुलै

पँट नीट केली. कापलेल्या वाकड्या पट्ट्या टाकवल्या नाहीत. मास्तर दिवसभर टेबलाकडे पाठ करून बसले.

१८ जुलै

डॉक्टरांकडे गेलो. आधी मास्तरांना रागावले. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही चालताना त्रास होतो का विचारलंत," मास्तर म्हणाले. "मी बोटांनी चालत नाही."

डॉक्टरांना हसू आलं, पण लगेच आवरलं. मग शांतपणे समजावलं. हे औषधामुळे आहे. डोस कमी करून राहिलेल्या दोन देता येतील, आकडा चांगला उतरतोय, दिलेल्या बऱ्या. पण बधिरपणा वाढूही शकतो. बंद केल्यावर हळूहळू जाईल, बहुतेक. थोडा कायमचाही राहील कदाचित. हातावर पोट असलेल्या माणसाला मी सक्ती करणार नाही, म्हणाले. पाचवीची तारीख एकोणतीस. तुम्ही ठरवा.

बाहेर आलो. रस्ता ओलांडायच्या आधीच मास्तर म्हणाले, "झालं. बंद."

२० जुलै

भांडलो. चांगलं कडकडून. चावीवाल्याने त्याचं यंत्र बंद केलं, ऐकायला नीट यावं म्हणून.

मास्तर म्हणाले, बोटं गेली तर राहिलेलं घेऊन काय करू? मी म्हटलं, राहिलेला मला पाहिजे. म्हणाले, तुला काय करायचाय नुसता बसलेला माणूस? मी म्हटलं, बसलेला तर बसलेला. पंख्याखाली बसवीन. चुकीचं बटण लावलं म्हणून ओरडायला कुणीतरी लागतं मला. मला तुमची बोटं नकोत, तुम्ही हवे आहात, एवढं साधं कळत नाही का?

 ते उठून आत गेले. पडद्यामागून म्हणाले, "चुकीचं बटण तू कधी लावत नाहीस."

लेकीचा फोन. बाबांना मी समजावू का? नको म्हटलं. त्यांना समजावलं की ते आणखी ताठतात. ती माझ्यावर चिडली. तिचंही बरोबर आहे.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, तोंडाने कुणाला म्हणणार नाही. सकाळी दुकान उघडते, टेबल रिकामं बघते, आणि आत जाऊन मास्तरांना एकदा बघून येते.

२३ जुलै

एका वकिलाचा सदरा अडकलाय. त्याला परवा हवा. मास्तर म्हणाले, परत कर कापड. मी म्हटलं, मी कापते.

असे बघायला लागले जसं काही मी विमान चालवते म्हणाले. "तू?"

"तुम्ही सांगा. मी कापते."

स्टूल घेऊन माझ्या मागे बसले. आणि मग काय विचारता. कोपर वर घे. कात्री अर्धी उघड, पुरी नको, कापडाला धसका बसतो. श्वास सोड. अगं, श्वास सोड, कात्री नको सोडू! मी म्हटलं, नर्सला सुई शिकवता तसं मला शिकवू नका. म्हणाले, ती तुझ्यापेक्षा ऐकते.

कडेच्या मायेपाशी आले. दोन बोटं टेकवली, खडू ओढला.

"थांब. तुझी दोन म्हणजे माझी दीड."

"मग?"

"मग काय, जरा फाकव."

फाकवली. दोनदा रेघ पुसली, तिसऱ्यांदा "हं" म्हणाले. कात्री सरळ गेली. बऱ्यापैकी सरळ. एके ठिकाणी जरा पोट आलंय, ते शिवणीत जाईल.

२५ जुलै

वकील आले, सदरा घातला, आरशात बघितलं. मी इकडे काज करायचं सोंग करत होते. "मास्तर, नेहमीसारखाच," म्हणाले.

"मी नाही कापला," मास्तर म्हणाले. "हिने." मग वकिलांना फिरवून पाठ, खांदा, कॉलर सगळं दाखवलं. खांद्यावर जरा चूक आहे, तीही दाखवली! ती सांगितली नसती तर त्या माणसाला जन्मात कळली नसती. वकील गेल्यावर मी कात्री उगारली.

पण सबंध संध्याकाळ मास्तर बोलत होते. आडवं कापड कसं ओळखायचं. चौकटी कशा जुळवायच्या. जाड माणसाला जाड न दाखवता कसं मोजायचं. आज गोळी नव्हती, तरी पट्टा सुरू. मी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.

तारखेचं नाव कुणीच काढलं नाही.

२७ जुलै

चावीवाला डोकावून गेला. पोस्टाचं काय ठरलं, विचारत होता. मी म्हटलं, अजून ठरत नाही.

२८ जुलै, सोमवार

सकाळी मास्तरांनी कपाटातून तपकिरी कापड काढलं. गेल्या वर्षीपासून स्वतःसाठी ठेवलेलं. टेबलावर पसरलं, कात्री माझ्यापुढे सरकवली. "माझी पँट. तू काप." कमर आज आहे तीच सांगितली, एक इंचही वाढवून नाही.

मायेपाशी मी दोन बोटं टेकवली, सवयीने जरा फाकवून.

"दोन नको," म्हणाले. "चार टेकव."

मी खडू ओढेपर्यंत ते माझ्या बोटांकडे बघत होते. मग बटणांचा डबा उगाचच उघडला, मिटला.

"आणि उद्या गेल्या गेल्या त्या नर्सकडून बर्फाचे मोजे मागून घे. मी विसरेन."